दार उघडणारी बाई

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. पण आमच्या हामामात्सुच्या गल्लीत हे घडलं. घडलं त्यात मी फक्त चवीपुरतं मीठ घालतो.

आमच्या सार्वजनिक न्हाणीघरात फुसाए नावाची बाई फरशा घासते. साठीची, बुटकी, बोलली तर बोलली. पूर्वी कुठे होतीस, हे मालकीण तोमियोबाईंनी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? दुकानातून सुशीचे डबे उचलायचे मी, म्हणून तुरुंगात गेले? कामाबरोबर माडीवरची खोलीही गेली असती.

पण तिची एक खोड जाईना. बंद दार दिसलं की पाय थिजायचे. आत, तुरुंगात, दार उघडतात ते पहारेकरी. कैद्यानं दाराला हात लावायचा नाही. म्हणून बॉयलरच्या खोलीपुढे ती थबकायची आणि एप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधल्याचं सोंग करायची.

"अगं, किती वेळा बांधशील?" तोमियोबाई खेकसायच्या. "एप्रन आहे की लग्नाचा किमोनो?"

अशात टीव्हीवाले आले. तुरुंगातून सुटलेल्यांच्या आयुष्यावर मालिका होती आणि गर्दीसाठी त्यांना गल्लीतली माणसं हवी होती. मिझुनुमा नावाची तरुण दिग्दर्शिका म्हणाली, "सुटलेला कैदी म्हणजे दरवेळी पाठीवर गोंदण असलेला तरणा गडी! माझ्या मालिकेत सगळ्या तऱ्हेची माणसं दिसली पाहिजेत." असं म्हणून तिनं पहिलं बोट रोखलं ते ब्राझीलहून आलेल्या मार्सेलोवर.

"बाई, मी मोटारीचे भाग बनवतो," मार्सेलो म्हणाला. "आजवर साधा सिग्नल तोडला नाही."

"तुमचा चेहरा फार बोलका आहे हो."

"हो का? काय बोलतो तो?"

फुसाए मागच्या मागे सटकत होती. तोमियोबाईंनी तिला दंडाला धरून पुढे ढकललं. "आमची फुसाए घ्या की!"

दिग्दर्शिकेनं टाळीच वाजवली. "वा! सुटलेल्यांना आसरा देणारी घरमालकीण! आजी, तुमच्याकडे बघून तुरुंग कुणाला आठवणार? रांगेच्या पुढे चालायचं, सरकतं दार उघडायचं आणि म्हणायचं, 'घरी आलात, या.' बस!"

बस म्हणे! फुसाएचं जेवण अर्ध्यावरच राहायचं. भाताच्या वाडग्यावर चॉपस्टिक्स ठेवून ती हवेतच दार सरकवून बघायची. दार सरकत होतं, कारण ते नव्हतंच.

चित्रीकरणाच्या दिवशी वेशभूषेच्या पोरीनं तिचा एप्रन काढून घेतला. म्हणजे आता गाठ नाही, सोंग नाही. तिच्या मागे कैद्यांच्या वेशात अख्खी गल्ली: तोमियोबाई, मासेवाला, न्हावी, देवळातले भटजी, मार्सेलो. "चला!" दिग्दर्शिका ओरडली.

फुसाए चालली. दार आलं. पाय थांबले. टाचा जुळल्या, तळवे मांड्यांना चिकटले, नजर जमिनीवर गेली. उघड, ती स्वतःला म्हणत होती, उघड गं सटवे, नाहीतर सगळ्यांना कळेल. हात हलेना. मागून तोमियोबाईंचा श्वास तिच्या मानेवर येत होता. आता हीच ओरडणार, आता हीच म्हणणार...

आणि तेवढ्यात काय झालं सांगू? मागे टाचा जुळल्याचा आवाज आला. मासेवाला थांबला होता, तळवे मांड्यांना! न्हावी तसाच! भटजी तर असे ताठ, की जन्मठेपच भोगून आलेत! अख्खी गल्ली कधी ना कधी आत जाऊन आलेली, आणि दार कोण उघडणार याची वाट बघत उभी! एकटा मार्सेलो तेवढा इकडेतिकडे बघत होता. दिग्दर्शिका तर ढसाढसा रडायला...

"थापा!" पैशाच्या गल्ल्यावरून तोमियोबाई गरजल्या. मी ही गोष्ट त्यांच्याच न्हाणीघरात सांगत होतो, हे बोलायचं राहिलं. "पुढचं माणूस हललं नाही तर मागचे थांबणारच की हो, आजोबा! कुणी आतबित गेलं नव्हतं. भटजी तर शिंकत होते. दार मी उघडलं. तिच्या काखेखालून हात घातला आणि सरकवलं."

आत फुसाएचा फरशीवरचा ब्रश थांबला.

"आणि भर थंडीत दारं उघडी का टाकता, म्हणून रोज माझ्या नावानं बोटं मोडता ना? तेव्हापासून टाकते. हवेसाठी नाही."