दहा मोजेपर्यंत

मी एक जुनी चकती आहे, मित्रांनो, जाड वासे कापणाऱ्या विजेच्या करवतीची. आता खिळ्याला टांगलेली असते, पण स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. दार उघडलं की वाऱ्याने मी हलते. कोणी नुसतं जवळून गेलं तरी वाटतं, चला, बोलावणं आलं.

पोलादाच्या पत्र्यातून मला गोल कापलं, कडेला चोवीस दात पाडले आणि प्रत्येक दाताच्या टोकाला कठीण धातूचा तुकडा बसवला. दुकानात माझ्या शेजारी साठ दातांची एक चकती होती. तोरा तर विचारूच नका. सुतारकाम करणारी ताई आली, तेव्हा दुकानदाराने तिलाच पुढे केलं. "हिचे दात जास्त आहेत, काम सुबक होईल," तो म्हणाला.

"कपाटाची फळी कापायची असती तर घेतली असती," ताई म्हणाली. "मला घराचा सांगाडा उभा करायचाय. जाड लाकडात बारीक दात भुशाने भरतात आणि लाकूड करपतं. मोजक्या दातांची द्या."

तिने मला उचललं. साठ दातांच्या बाईसाहेबांचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं होतं.

ताईबरोबर तिचा धाकटा भाऊ काम करायचा. चांगला तिशीचा, पण त्याच्या घाईमुळे सगळे त्याला वादळ म्हणत. त्याचं आणि माझं लगेच जमलं, कारण दम दोघांनाही धरवत नसे. एका सकाळी आम्ही चाळीस वासे कापले. "लोण्यासारखं कापते ही," तो म्हणाला, आणि मी फुगून गेले.

करवतीला खालून एक झाकण असतं. लाकडात शिरताना ते मागे सरकतं आणि बाहेर येताच माझे दात झाकतं. ते मध्येच अडकतं, वेळ खातं, म्हणून वादळने त्यात लाकडाची पाचर ठोकली आणि ते उघडंच ठेवलं. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. झाकणाखाली माझा जीव घुसमटायचा.

पण मला एक खोड आहे. बटण सोडलं तरी मी लगेच थांबत नाही, दहा मोजेपर्यंत फिरत राहते. त्या दुपारी त्याने बटण सोडलं आणि शिडीवरून ताईने हाक मारली, "अरे, जरा टेप दे." तो तसाच वळला. करवत खाली घेताना मी त्याच्या मांडीला लागले आणि माझे दात मांसात शिरले. मला थांबायचं होतं, मित्रांनो. किती थांबायचं होतं, ते कोणाला सांगू?

ताईने धावत येऊन गळ्यातला रुमाल जखमेवर आवळला.

"ताई, पाय राहील ना?"

"राहील. बोलू नकोस, दाबून धर," ती म्हणाली आणि तिने गाठ आणखी घट्ट केली.

पाय राहिला. चार महिन्यांनी वादळ लंगडत कामावर आला आणि मला पाहून त्याने नजर वळवली. आता मी भंगारात जाणार, असं मला वाटलं. पण ताईने करवत त्याच्या हातात दिली. झाकणातली पाचर तिने केव्हाच उपटून फेकली होती.

"तिचा काय दोष? ती थांबेपर्यंत मोठ्याने मोजायचं, मग खाली ठेवायची."

त्याने एक वासा कापला, बटण सोडलं आणि मोठ्याने मोजायला लागला. दहावर मी थांबले. तोवर तो जागचा हलला नाही.

पुढे कित्येक घरं आम्ही तशीच मोजत उभी केली. आता माझे दात झिजलेत. मित्रांनो, माझ्यासारखीला हातात घ्याल तेव्हा तिचं झाकण अडवू नका, ते आपोआप मिटू द्या, आणि ती थांबेपर्यंत तुम्ही थांबा. मला आपणहून थांबता येत नाही.

रोज सकाळी वादळ दार उघडतो, वारा आत येतो आणि खिळ्यावर मी हलते. तो उंबऱ्यातच उभा राहतो आणि पुटपुटतो, सात, आठ, नऊ. मी थांबले की मगच आत येतो.