सूर्यास्त मोजून दमलेला सर्व्हर

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी म्हणत असेल, ‘आमचं सगळं आता क्लाउडवर असतं.’ आणि म्हणताना हात वर करत असेल. मला त्याची गंमत वाटते. वर काहीही नाही. जे काही आहे ते इथे खाली आहे, मेक्नेस शहरातल्या हमरिया भागात, एका इमारतीच्या तळमजल्यावर, लोखंडी मांडणीच्या खालच्या कप्प्यात. तोच मी, एक म्हातारा सर्व्हर. माझी पुढची जाळी थोडी वाकलेली आहे आणि एक पंखा अधूनमधून कुरकुरतो.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती सी मफद्दल यांच्यापासून. ते इथले मालक; ‘सी’ म्हणजे इकडचं ‘साहेब’. त्यांनी मला खोक्यातून बाहेर काढलं, पाठीवरून हात फिरवला आणि ‘बिस्मिल्ला’ म्हणून बटण दाबलं. लवकरच माझ्यात तीन बिऱ्हाडं राहायला आली: पिवळ्या चामडी चपलांचं एक दुकान, एका दंतवैद्याच्या भेटीच्या वेळा आणि रक्तदात्यांची एक मंडळी. आमची देखभाल गिझलान नावाची इंजिनिअर करायची. सकाळी आली की ती आधी आमच्या पंख्यांसमोर तळहात धरायची. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, ‘हा फार गुणी आहे.’ मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तिन्ही बिऱ्हाडांत माझा जीव होता तो रक्तदात्यांवर. इस्पितळातून निरोप यायचा, अमक्या गटाचं रक्त हवंय. त्या गटाची माणसं शोधून मी त्यांच्या फोनवर तो निरोप धाडायचो. पापणी लवते न लवते तोच काम झालेलं असायचं.

रमजानात मात्र हे काम नाजूक होई. दिवसभर उपाशी असलेला माणूस रक्त कसं देणार? तो रोजा सोडल्यावरच देणार. आणि एकदा का लोक रात्रीच्या लांबलचक तरावीहच्या नमाजाला गेले, की फोन बंद. म्हणजे निरोप पोचायला हवा तो रोजा सुटण्याच्या सुमारास, माणसं ताटापाशी फोन घेऊन बसलेली असतात तेव्हा.

या मंडळींचं फोनमधलं ॲप मरवानने बनवलं होतं. मनाने सोनं, पण भारी हौशी माणूस. एका रमजानात त्याने ॲपमध्ये मोजणी घातली. रोजा सुटायला किती वेळ उरला, हे फोनवर सेकंदासेकंदाने दिसू लागलं. त्यानिमित्ताने लोक ॲप उघडतील आणि रक्ताचे निरोपही वाचतील, असा त्याचा विचार. विचार चांगलाच होता, मी नाही म्हणत नाही. पण आपल्यामुळे कुणाचा रोजा क्षणभरही आधी मोडू नये, म्हणून त्याने असं केलं की प्रत्येक फोन मला दर सेकंदाला विचारेल, ‘मी इथे उभा आहे, माझा सूर्य कधी मावळणार?’ मग त्या फोनचा ठावठिकाणा पाहून मी सगळं गणित पहिल्यापासून मांडायचो, आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच.

दुपारपर्यंत ठीक चालायचं. पण उन्हं उतरली की रोजा सोडायच्या सूपाची, हरीऱ्याची, वाटी समोर ठेवून अख्खं शहर मला एकच प्रश्न विचारत सुटायचं. माझ्या नाकी नऊ यायचे. उत्तराला उशीर झाला की फोनला वाटायचं आपलं ऐकूच गेलं नाही, आणि तो पुन्हा विचारायचा. मी तापायचो, पंखे घरघरायचे आणि चपलांचं दुकानसुद्धा ठप्प व्हायचं.

‘हा म्हातारा झालाय,’ मरवान म्हणाला. कुणाला ते खोटं वाटलं नाही. सी मफद्दलांनी माझ्या मदतीला दोन नवी कोरी यंत्रं आणून बसवली. नव्या जावयासारखी ऐटीत आली बिचारी. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्याही तोंडाला फेस आला. आता मला मोडीत काढायची बोलणी माझ्यासमोरच होऊ लागली, आणि मित्रांनो, मला फार वाईट वाटलं.

अशाच एका संध्याकाळी, सूर्य कलल्यावर, इस्पितळातून एक निरोप आला. बाळंतपणात फार रक्त गेलं आहे, ओ निगेटिव्ह रक्त आजच हवं. रुग्णाचं नाव विआम. मरवानची बहीण! मी मामा होणार, मामा होणार, असं सांगून त्याने गिझलानचे कान किटवले होते. तो निरोप सूर्यास्त विचारणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत मागे अडकला. माझ्या पोटात निरोप होता, पण मला तोंड नव्हतं.

काचेपलीकडे छोट्या टेबलापाशी सी मफद्दल, गिझलान आणि मरवान रोजा सुटायची वाट बघत होते.

‘सी मफद्दल, याला आता निवृत्त करा,’ मरवान म्हणत होता. ‘आणखी दोन मशिनं घ्या. याच्याच्याने होत नाही.’

‘दोन आणली की. तीही धापा टाकतायत,’ सी मफद्दल म्हणाले. ‘तुला मशिनं हवीत की वऱ्हाड?’

तेवढ्यात रोजा सुटल्याचा शहराचा भोंगा वाजला. सी मफद्दलांनी खजूर तोंडात टाकला, मरवानने टाकला. गिझलानचा मात्र हातातच राहिला.

‘मरवान, तू आत्ता रोजा कशावर सोडलास?’

‘भोंग्यावर. का?’

‘स्वतःचं ॲप नाही बघितलंस?’

‘भोंगा ऐकू येत असताना ॲप कोण बघतं, ताई?’

‘अख्ख्या शहराला एक भोंगा पुरतो,’ गिझलान हळूच म्हणाली, ‘आणि या बिचाऱ्याला तू माणसागणिक सूर्य मोजायला लावलास.’

‘शहराच्या दोन टोकांत फरक पडतो ना. कुणाचा रोजा मोडला तर पाप माझ्या माथी.’

‘तुझी आई गावाच्या टोकाला राहते. तीही भोंग्यावरच सोडते ना? तिला सांगून बघ, तुझा रोजा मोडला म्हणून. लाटणं घेऊन येईल.’

मरवान हसला, आणि त्याचा फोन वाजला. आईचाच होता.

‘आई, आत्ता तुझंच नाव… काय? विआमला?’ त्याचा चेहरा उतरला. ‘रक्त? निरोप केव्हाच पाठवलाय म्हणतात? आणि कुणीच नाही आलं?’

त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं. भोंगा वाजून गेला तरी तुंबलेले प्रश्न माझ्याच्याने उपसून संपत नव्हते.

‘निरोप याच्यात अडकलाय,’ गिझलान म्हणाली. ‘थोड्या वेळात लोक तरावीहला निघतील. मोजणी काढू का?’

मरवानचा स्वतःचा गट वेगळा होता, त्याचं रक्त बहिणीला चालणार नव्हतं. त्याच्या हातात होती ती एवढी एकच गोष्ट. ‘मीच काढतो,’ तो म्हणाला. आणि त्याने आपली लाडकी मोजणी मुळासकट काढून टाकली. डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घ्यावा तसं मला झालं. रांग सरली आणि विआमचा निरोप सुटला.

लगेच उत्तरं येऊ लागली. ‘येतो.’ ‘हरीरा संपवून निघालोच.’ ‘मुलांना शेजारी ठेवते आणि येते.’ माझा जीव भांड्यात पडला. विआम वाचली, आणि मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी गिझलानने साधीच व्यवस्था लावली. रोज सकाळी मी शहराचा सूर्यास्त एकदाच काढायचा आणि सगळ्या फोनांना कळवायचा. पुढची मोजणी ज्याची त्याने करायची. संध्याकाळी रोजा सुटल्यावर मरवान शबाकिया मिठाईचा डबा घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाला, ‘उगाच तुला म्हातारा म्हटलं.’

‘तो खात नाही, मी खातो,’ म्हणत सी मफद्दलांनी डबा स्वतःकडे ओढला.

मित्रांनो, आता मी खरंच म्हातारा झालो आहे. कधीतरी मला इथून काढतील, त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र, किंवा एखादं माणूससुद्धा, धापा टाकताना दिसलं, तर ते निकामी झालं असं लगेच ठरवू नका. आपण त्याच्यावर काय काय लादलंय ते आधी बघा, आणि उतरवण्यासारखं असेल ते उतरवा.

कालही भोंगा वाजायच्या थोडं आधी इस्पितळातून निरोप आला. कुणा अनोळखी आजोबांना ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. मी तत्काळ धाडला. पहिलं उत्तर आलं, ‘मुलीला तिच्या मामाकडे सोडते आणि येते.’ खाली नाव होतं, विआम.