अकरा बुधवार

डिस्कच्या काळ्या डबीवर लावलेल्या चिकटपट्टीचं एक टोक सुटून वर आलं होतं, त्याच्याखाली धूळ शिरून काळी कड झाली होती – अक्षरं मात्र शाबूत होती, निळ्या शाईतली, त्याच्याच वळणाची: ‘नलूताई – सर्व’. मनमोहननं अंगठ्यानं ते टोक दाबलं. सोडल्यावर ते परत वर आलं. सर्व... किती सहज लिहून गेलो आपण. नुसतं ‘नलूताई’ लिहिलं असतं तरी भागलं असतं, कोणी विचारायला आलं नसतं. पण खोटं बोलायचं असलं की माणसाला एक शब्द जास्तीचा वापरायची हुक्की येते.

सकाळचे नऊ वाजून गेले होते. समोरच्या पडद्यावर सोमवारपासून तेच वाक्य – ठरलेल्या जागी डिस्क सापडली नाही – आणि डिस्क तर इथे, त्याच्या तळहाताखाली, कोमट होऊन बारीक घरघरत होती. सोमवारी त्यानं संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. पाच वर्षं पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येत होती आणि पाच वर्षं तो ती बाजूला सारत होता, आणि सोमवारीच नेमकं त्याला ते काम उरकावंसं वाटलं. मधेच यंत्रानं विचारलं होतं, सगळ्याचा बॅकअप घेतलाय ना? त्यानं ‘हो’वर खूण केली. तेहतीस वर्षं भायखळ्याला एका विमा कंपनीच्या संगणक विभागात काढलेला माणूस! बॅकअप घेतला नाही म्हणून चांगल्या चांगल्यांना दहा जणांसमोर झापणारा – आणि ‘हो’ म्हणताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

बदल झाला, यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि तिन्ही डिस्कांपैकी एकही माउंट होईना. डिस्क जोडलेली आहे एवढं यंत्राला कळत होतं, पण आतलं काही ते उघडून दाखवेना. ते वाक्य पडद्यावर आलं तेव्हा – हे कबूल करायला हवं, निदान स्वतःशी तरी – तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. अगदी खरोखर. उठलो, चहा टाकला, खिडकीशी उभा राहून सावकाश प्यायलो.

आणि दोष काय हे तर त्याला मंगळवारी सकाळीच कळलं होतं. सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची याची एक यादी यंत्राकडे असते, ती त्यानंच आठ वर्षांपूर्वी लिहिलेली. प्रत्येक डिस्कला स्वतःचा न बदलणारा क्रमांक असतो, तो लिहायचा. पण त्यानं आळसानं नुसतं लिहिलं होतं – पहिली, दुसरी, तिसरी. नव्या सिस्टिमनं मोजायला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. पंगतीत पाट इकडचे तिकडे झाले आणि वाढपी जुन्याच जागी नाव घेऊन हाका मारत बसला, इतकंच. यादीतल्या तीन ओळी बदलायच्या होत्या. पाच मिनिटांचं काम. आज शनिवार. पाच दिवस तो त्या तीन ओळींसमोर बसून होता, जेवायला उठत होता, परत येऊन बसत होता, आणि ऋग्वेदाचा फोन आला की आवाजात थकवा आणून म्हणत होता, ‘बघतोय गं. अवघड दिसतंय.’

ऋग्वेदा, त्याची भाची, नलूताईची मुलगी. गेल्या रविवारी तिचा प्रभादेवीहून फोन आला होता. दिवाळीत नलूताईला अर्धांगाचा झटका आला, पाय हळूहळू सावरला, वाचा नाही. ‘हो’ आणि ‘बरं’ एवढे दोनच शब्द उरलेत, आणि तेही कधी उलटसुलट येतात. वाचेचे उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, त्यांचाच जुना आवाज त्यांना रोज ऐकवा, स्वतःचं बोलणं ऐकून कधी कधी वाट सापडते. ‘मामा, तुझ्याकडे आईची ती रेकॉर्डिंग्ज आहेत ना? अकरा बुधवार आली होती ती तुझ्याकडे! केवढं असेल!’ केवढा आनंद होता त्या पोरीच्या आवाजात. आणि मी म्हणालो, ‘हो तर. सगळं आहे.’

सगळं नाही. तीन आहेत.

आठ वर्षांपूर्वीच्या जुलैत त्यानंच टूम काढली होती. नलूताई, तू बोल, मी रेकॉर्ड करतो, आपल्या परभी लोकांच्या घरांतलं कोणाला काही ठाऊक राहणार नाही पुढे. ती आधी हसली. मग दर बुधवारी दुपारी यायची, बुधवार, म्हणजे मासळीचा वार, म्हणून डब्यात कोळंबी घालून भाजलेलं भानोलं घेऊन, आणि खुर्चीत पाठ टेकून फणसवाडीतल्या जुन्या घरापासून सुरुवात करायची. पहिला बुधवार छान गेला. दुसराही. तिसऱ्या बुधवारी ती आईच्या शेवटच्या दिवसांवर आली, आणि पदराला हात पुसत, अगदी भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, ‘मन्या काही आला नाही तेव्हा. हैदराबादला ट्रेनिंग आहे म्हणाला. मी ऑफिसात फोन केला तर तिथला माणूस म्हणतो, मशीन रूममध्ये आहेत, देऊ का? मी म्हटलं, नको. घाबरट होतास रे तू, लहानपणापासूनच. आईला मी सांगितलं, तो येऊन गेला, तू झोपली होतीस.’

भायखळ्यापासून आई होती ते परळचं रुग्णालय वीस मिनिटांवर. चार दिवस मी त्या थंडगार मशीन रूममध्ये यंत्रांची घरघर ऐकत बसलो होतो. आईच्या नाकातली ती नळी बघायची माझी छाती नव्हती, बस्स, याहून मोठं कारण नाही, असतं तर बरं झालं असतं. आणि ते नलूताईला पंचवीस वर्षं ठाऊक होतं, आणि ती राग न धरता ते माझ्याच मायक्रोफोनमध्ये सांगत होती, जन्मभर राहील असं.

तेवढं कापून टाकता आलं असतं. पण कापायचं म्हणजे पुन्हा ऐकायला हवं, आणि ते काही त्याच्यानं झालं नाही. मग चौथ्या बुधवारी त्यानं रेकॉर्डिंग सुरूच केलं नाही. तिला नको म्हणावं, पुरे म्हणावं, तर तेही नाही – मायक्रोफोन समोर ठेवला, मान डोलावली, आणि ती बोलत राहिली. असे आठ बुधवार. सत्तरीकडे झुकलेली बाई बस बदलून यायची, दोन जिने चढायची, आणि बंद यंत्रापुढे दोन दोन तास बोलायची. आणि मी ऐकत तरी होतो का? आता पुढे काय निघेल, पुन्हा माझं नाव निघेल का, एवढंच कान टवकारून ऐकत होतो. माझं नाव नसलेलं सगळं वाहून गेलं. तुकडे राहिलेत... वाडीच्या तोंडाशी कोणाच्या तरी सायकलची घंटा, ती ऐकली की नलूताई गॅलरीत कपडे वाळत घालायला जायची. कोणाची सायकल? तिनं नाव सांगितलं होतं. हसून, जरा लाजून सांगितलं होतं, एवढं आठवतं. आता ते नाव फक्त तिच्या डोक्यात आहे आणि तिथून बाहेर यायची वाट बंद. या पृथ्वीवर ते ऐकलेला एकच माणूस होता, आणि तो स्वतःच्या अब्रूची काळजी करत बसला होता. शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

जेवणानंतर त्यानं ठरवलं – दुपारी ऋग्वेदा आली की डिस्क गेली असं सांगायचं. अपग्रेडमध्ये जातात डिस्का, कोणालाही विचारा. एकदा गेली म्हटलं की तीन गेल्या की अकरा गेल्या, मोजायला कोण बसतंय. नलूताईचा आवाज त्यासोबत कायमचा जाईल हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी तो वाक्य जुळवत होता... ‘खूप प्रयत्न केला गं...’ आरशासमोर नाही केली तालीम, एवढीच काय ती लाज शिल्लक होती.

साडेतीनला जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल ओढत. ऋग्वेदा एकटी येणार असं त्यानं धरलं होतं. तो दाराशी गेला तर नलूताई कठड्याला डावा हात घट्ट धरून पहिल्या मजल्याच्या वळणावर उभी, घामानं कपाळावरचे केस चिकटलेले, आणि ऋग्वेदा मागून आधार देत.

‘ऐकलंच नाही तिनं,’ ऋग्वेदा धापा टाकत म्हणाली. ‘रेकॉर्डिंग म्हटलं आणि चप्पलच घातली. मामा, झालं का रे काही?’

‘अवघड दिसतंय गं.’

‘टेन्शन घेऊ नको. आमच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, डेटा कुठे जात नाही. लॅमिंग्टन रोडला रिकव्हरीवाले बसतात, ते काढून देतात. नाहीच जमलं तर सोमवारी मी घेऊन जाते डिस्क. पूर्ण लिस्ट काढून देतात म्हणे, कधी काय रेकॉर्ड झालं, सगळं.’

पूर्ण लिस्ट. जुळवलेलं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं.

नलूताई तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली. श्वास खाली येईपर्यंत ती त्याच्याकडे नुसती बघत होती. मग तिचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, ‘म...’ एवढं आलं, पुन्हा ‘म...’, तिनं डोळे घट्ट मिटून जोर लावला, आणि शेवटी तोंडातून निघालं ते ‘बरं’. तिला स्वतःलाच ते चुकल्याचं कळलं. तिनं मान हलवली आणि डोळ्यांच्या कडा पुसल्या.

‘तुझं नाव घ्यायला बघते ती,’ ऋग्वेदा हळूच म्हणाली. ‘दुपारपासून चाललंय.’

त्याला तिच्याकडे बघवेना. बघायचं नाही म्हणून तो संगणकाकडे वळला, आणि हातांना काहीतरी हवं म्हणून त्यानं ती यादी उघडली, आणि उघडली म्हणून पहिली ओळ बदलली, मग दुसरी, मग तिसरी. यात धाडस वगैरे काही नव्हतं, तसं कोणी समजू नये. पाठ फिरवून करण्याजोगं तेवढंच एक काम खोलीत होतं. यंत्र पुन्हा सुरू झालं. डिस्क माउंट झाली, एका क्षणात, इतके दिवस जणू तिचं काही बिघडलंच नव्हतं.

‘मामा! अरे, आलं की! ग्रेट आहेस तू!’ ऋग्वेदानं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि त्याच्या हातावरूनच वाकून पहिली फाइल लावली.

थोडी खरखर. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग नलूताई – भरल्या गळ्याची, खणखणीत, किंचित हसरी: ‘चालू झालं का रे मन्या? नक्की? मग बोलू मी?’

खुर्चीतली नलूताई ताठ झाली. डावा हात तिनं गळ्यापाशी नेला, आवाज तिथूनच येतोय का बघावं तसा. ऋग्वेदा रडायला लागली, रडता रडता हसायला लागली. आणि मनमोहनला आठवलं – इतक्या वर्षांत हे का आठवलं नव्हतं – की प्रत्येक बुधवारी ती आधी हेच विचारायची. चालू झालं का रे? चौथ्या बुधवारीही विचारलं. मी ‘हो’ म्हणालो, बहुतेक तिच्याकडे न बघता. त्या दिवशी ‘नक्की?’ असं तिनं पुढे विचारलं नव्हतं. पाचव्या बुधवारपासून तिनं कधीच विचारलं नाही. खुर्चीत पाठ टेकायची आणि सुरू करायची. सायकलचं सहाव्याला सांगितलं असेल, किंवा सातव्याला... म्हणजे ते यंत्राला सांगितलंच नव्हतं तिनं. कोणाला सांगत होती मग? खोलीत दुसरं होतं कोण!

‘मामा,’ ऋग्वेदा नाक पुसत पडद्याकडे बघत होती, ‘इथे तीनच फाइली दिसतायत. पाच जुलै, बारा, एकोणीस. बाकीच्या आठ दुसरीकडे आहेत का?’

उत्तर तयार होतं. अपग्रेडमध्ये गेल्या – दोन शब्द, आणि तिनं हळहळून ते मानलं असतं. त्यानं तोंड उघडलं. त्याआधीच नलूताईनं डावा हात वर केला होता. तीन बोटं. ती ऋग्वेदाकडे बघून ठामपणे मान हलवत होती – तीन.

‘तीन? नाही गं आई, अकरा वेळा आली होतीस तू.’

नलूताईनं पुन्हा तीन बोटं नाचवली. ‘हो,’ ती म्हणाली. ‘हो. हो.’

‘आकडे चुकतात रे तिचे हल्ली,’ ऋग्वेदा पुटपुटली. मग आईचा चेहरा बघून गोंधळली. ‘की तीनच होते? मीच तेव्हा पुण्याला होते... मामा, तीनच होते का?’

रेकॉर्डिंगमधली नलूताई फणसवाडीतल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं वर्णन करत होती. खुर्चीतली माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती, मला लाज वाटू नये म्हणून. आठ बुधवार तिनं एका मानेच्या हलक्या झटक्यात सोडून दिले होते. म्हणजे मी फक्त ‘हो’ म्हणायचं. आईला तिनं जसं सांगितलं तसंच हे, तो येऊन गेला, तू झोपली होतीस. आईच्या वेळी मला हायसं वाटलं असतं. पाच दिवसांपूर्वीसुद्धा वाटलं असतं. आता तिनं उघडून धरलेल्या त्या दारातून आत जाऊन बसायचं म्हटलं, तर मला उठवतच नव्हतं.

ऋग्वेदा उत्तराची वाट बघत होती. नलूताईचा हात अजून वर होता. डावा हात, त्याला इतका वेळ वर राहायची सवय नाही, तिन्ही बोटं थरथरायला लागली होती, तरी ती खाली घेत नव्हती, मी काहीतरी बोलेपर्यंत ती तो हात खाली घेणार नव्हती.