खारपाणातली विहीर

डॉक्टरांनी मायवर चोरीचा आळ घेतला तेव्हा अकोल्याच्या त्या दवाखान्यात मी मान खाली घालून उभा होतो. बिनमिठाचे जेवूनही तिचा रक्तदाब उतरत नव्हता. "चोरून मीठ खाता," ते म्हणाले. "मी चोरी नाई करत, साहेब," एवढेच माय बोलली.

अमरावतीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकत होतो. पुढच्या सुटीत पाण्यातले मीठ दाखवणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटची लहानशी बाटली मागून आणली आणि तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावी, पेल्यातल्या विहिरीच्या पाण्यात तिचे थेंब सोडले. पाणी दह्यासारखे पांढरे फुटले.

"एवढं मीठ माय रोज पिऊन राहिली, बा."

ही विहीर बाने बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरच्या वर्षी स्वतः खोदली होती. पाटलांच्या विहिरीवर कुणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळणे संपावे यासाठी. खारपाणपट्ट्यात वाढलेल्या आमच्या जिभांना ती कधी खारट लागलीच नाही.

बा पेल्याकडे पाहत राहिला. "खोदतानी लय घाम गाळला. त्याचंच असन मीठ."

मी हळू आवाजात समजावले : शरीरातली प्रत्येक पेशी पोटॅशियम आत राखते, सोडियम बाहेर लोटते, बाहेरचे फार साचले की तो तोल ढळतो, धमन्या आवळतात, असे आमचे प्राध्यापक सांगत.

"म्हंजे पेशीलेबी गावकूस हाये काय रे?" मायने विचारले.

"प्याचं गोडं पानी नाल्याकाठच्या पाटलाच्याच विहिरीत हाये," ती म्हणाली.

बा ताठरला. "त्याइच्या दारी हात पसरशीन, मनकर्णा?"

"हात कावून पसरू? सिवासिवी बंदचा कायदा झाला ना? बादली टाकतो."

सकाळी तिच्यामागे घागर घेऊन मी निघालो. विहिरीवर पाटलीणबाई, सुभद्राबाई, उभ्या होत्या.

"बादली घासली हाये का?"

"माही घासली हाये, बाई. तुमची विहीर कवा उपसली होती?"

सुभद्राबाई काठावरून एक पाऊल सरकल्या. मायने घाई न करता दोर ओढला, ओंजळीने तिथेच पाणी पिऊन पाहिले आणि तोंड वाकडे केले.

"अळनी लागते," ती मोठ्याने म्हणाली, आणि घागर काठोकाठ भरली.

आयुष्यात प्रथमच मी भर गावातून मान वर करून चाललो.