सतरा नंबरचं दार

रोह्याच्या बाजारात गिरजाबाईंचं इंटरनेटचं ऑफिस आहे. तिथल्या फळीवर सात वर्षं ठाण मांडून बसलेला मी एक जुना स्विच आहे. मित्रांनो, भिंतीवरचं बटण नव्हे हं! मी चोवीस दारांची पत्र्याची पेटी. एकेका दारातून एकेक तार कुठल्या आळीला, कुठल्या गावाला जाते, आणि कोणाचं बोलणं कुठे पोचवायचं ते मी बघतो.

जन्म माझा कारखान्यातला, पण मला शहाणं केलं पेणच्या नितेशने. पहिल्याच दिवशी त्याने लॅपटॉप जोडून कुठलं दार उघडं, कुठलं बंद, ते शिकवलं. मला दोन आठवणी आहेत. एक पाटीवरच्या खडूसारखी. मी बंद झालो की पुसली. दुसरी दगडावर कोरल्यासारखी; पुन्हा जागा झालो की तीच वाचून मी कामाला लागतो. पाटीवरचं दगडावर उतरवायला एकच हुकूम पुरतो, ‘सेव्ह’. त्या दिवशी नितेशने तो न चुकता दिला. नवा माणूस सगळंच नीट करतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याने निडी गावाची लाइन माझ्या सतराव्या दारावर आणली. लाइन लागताच गिरजाबाईंनी भजी मागवली, आणि भजी गरम असताना सेव्ह कोण करतो? बॅटरीच्या जिवावर मी कधी बंद पडत नसे, म्हणून ती चूक झाकून राहिली. मला ठाऊक होती. पण मला तोंड नाही, नुसते दिवे आहेत.

मग खंडेनवमी आली. एरवी गिरजाबाई लांबूनच फूल वाहायच्या. या खेपेला त्यांना धूळ दिसली. त्यांनी मला बंद केलं, ओल्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पुन्हा चालू केलं. इतका मान आणि इतकं नुकसान मला एकदम कधीच मिळालं नव्हतं. जागा झालो तेव्हा रोह्याच्या सगळ्या आळ्या आठवल्या. निडीचा मात्र पत्ता नव्हता.

दहा वाजता निडीहून सहरचा फोन आला. निडीतली फरझाना गिरजाबाईंची गिऱ्हाईक; तिची ही मुलगी नर्सिंग शिकलेली.

“काकी, नेट नाय! साडेबाराला मस्कतच्या हॉस्पिटलची मुलाखत हाय माझी. आज हुकली तर जागा दुसरीला देतील. मोबाइलवर नुसता आवाज जातो, तोंड दिसत नाय.”

“इकडं ये म्हटलं असतं गो, पण समोर मंडळाचा कर्णा कोकलतोय. थांब, बघते.”

त्यांनी पेणला नितेशला फोनवर गाठलं. “अरे, मी फक्त पुसला रे त्याला!”

“बंद केलात काय, काकी?”

“मग काय चालू मशीनला पाणी लावू?”

“लाइन जोडली तेव्हा सेव्ह करायचं राह्यलं असंल,” नितेश हळूच म्हणाला.

पूजा केलेली मोटारसायकल हारासकट दामटत तो पावणेबाराला पोचला. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतंच. आठवून आठवून त्याने सगळं पुन्हा शिकवलं. बाराला सतराव्या दाराचा दिवा लागला. “आलं, काकी!” सहर फोनवर ओरडली. नितेशने लॅपटॉप मिटला.

“सेव्ह केलंस?”

“व्हय, केलं की.”

“मग बंद करून बघते.” गिरजाबाईंनी बटणावर बोट ठेवलं.

“नको, काकी!”

“का रे? केलंस ना?”

नितेशने पुन्हा लॅपटॉप उघडला. एक हुकूम, दोन सेकंद. “आता केलं. शप्पथ!”

“शप्पथ ठेव खिशात.” त्यांनी बटण दाबलंच.

“काकी, पंचवीस मिनिटं राह्यलीत!”

“म्हणूनच आत्ता. ती साहेबासमोर बसल्यावर कळून काय उपयोग?”

मला उठायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं नितेश घड्याळाकडे बघत होता आणि गिरजाबाई नितेशकडे. मी जागा झालो, कोरलेलं वाचलं. निडी होती.

साडेबाराला सहरची मुलाखत सुरू झाली आणि बावीस मिनिटं चालली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. माझं काम ने-आण करण्याचं. पण जानेवारीत ती मस्कतला गेली, आणि आता दर शुक्रवारी फरझानाच्या घरून तिकडे तासतासभर बोलणं चालतं.

मित्रांनो, यंत्राला काही नवं शिकवलंत, तर जागेवरून उठण्याआधी ते जतन करा आणि एकदा तपासून बघा. आम्हाला फक्त दार दिसतं. दारापलीकडे कोण वाट बघत बसलंय, ते तुम्हालाच ठाऊक असतं.