पोळ्याच्या बैलावरचा बिल्ला

पंचनामा. ठिकाण: मारुतीच्या देवळासमोर, घोडेगाव. जप्त करायची वस्तू: बैलाच्या झुलीला टाचलेला प्रचाराचा बिल्ला, एक.

इथं निवडणूक पथकाच्या साहेबांचं पेन थांबलं. ग्रामपंचायतीची आचारसंहिता लागलेली, आणि बिल्ल्यावर एक गोरा माणूस हसत होता.

"पक्ष कोणता?"

"अमेरिकेतला हाय," बैलाचा मालक गहिनीनाथ म्हणाला. परदेशी निवडणुकांचे जुने बिल्ले जमवायचा त्याला वीस वर्षांचा नाद होता. त्यातला हा सगळ्यात जुना. "जप्त नका करू, साहेब. दुसरा मिळायचा न्हाई. आमच्या मंडळींनी झूल सजवली, माझ्या बिल्ल्यांच्या डब्यात चमकलं ते लावलं."

"मग काय पोळ्याला बैल उघडा मिरवायचा?" त्याची बायको चांगुणा म्हणाली. "राखेनं घासून लावलाय."

गहिनीनाथनं डोळे मिटले.

पंचनामा पुढे चालू. उमेदवाराचे नाव: घासल्यामुळे वाचता येत नाही.

"उमेदवार सध्या कुठं असतो?"

"वारला. माझ्या जन्माआधी."

"निवडून आला होता?"

"न्हाई, साहेब. पडला."

साहेबांनी बिल्ला गहिनीनाथच्या हातावर ठेवला आणि शेवटची ओळ लिहिली: उमेदवार पडलेला असल्याने मतदारांवर परिणाम होण्याची शक्यता नाही.