चौथं पान

आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत यायचं असेल, तर आधी माझ्यासमोर चार रविवार बसावं लागतं. पाळकांनी हे काम बारा वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात टाकलं. शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या कटकटी ऐकून माझा स्वभाव शांत झाला असेल, असा त्यांचा गैरसमज होता.

पुस्तिका चार पानांची, दर रविवारी एक पान. पहिल्या पानावर बाप्तिस्मा: तान्ह्या बाळाला आम्ही देत नाही, माणसानं कळत्या वयात स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा आणि मग पाण्यात पूर्ण बुडायचं. दुसऱ्यावर कारभार: आमच्या डोक्यावर बिशप नाही, सगळे सभासद मिळून हात वर करून ठरवतात. तिसऱ्यावर पवित्र शास्त्राचं वाचन आणि प्रभुभोजन. चौथं पान सगळ्यात लहान आहे आणि या वेळी तेच माझ्या घशात अडकलं.

यंदा वर्गाला तिघं आली. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, एक नर्स आणि त्यांच्या मागून माझी नणंद.

आम्ही नऊ वर्षं बोललो नव्हतो. माझा नवरा, म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ, गेला तेव्हा अंत्यविधी मंडळीच्या याच हॉलमध्ये झाला. ती दोन गल्ल्या सोडून राहायची. आली नाही, साधा निरोपसुद्धा पाठवला नाही. पहिल्या रांगेतली तिची खुर्ची मी शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती, आणि ती रिकामी खुर्ची मला अजून दिसते.

आमच्यात एक हात जरी विरोधात गेला, तरी नवा माणूस बाहेर थांबतो. तो हात माझा असणार, हे मी तिला दारात पाहिलं त्याच क्षणी ठरवलं.

आधी वाटलं, हात वर करायची वेळच येणार नाही, ती आपणच कंटाळून पळेल. मी वर्ग सकाळी सातला ठेवला. ती पावणेसातला हजर. मी उतारे पाठ करायला दिले. ड्रायव्हर अडखळला, नर्सनं हसून वेळ मारून नेली, हिनं घडाघडा म्हणून दाखवले. माझा नुसता जळफळाट झाला. ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, बुडवताना नाक कोण धरणार, मी की पाळक?"

"पाळक पाठ धरतात. नाक ज्याचं त्यानं सांभाळायचं," मी म्हणाले. सगळे हसले, तीही हसली, आणि ते हसणं हुबेहूब माझ्या नवऱ्याचं होतं. मी पुस्तिकेत डोकं घातलं.

चौथ्या पानावर एवढंच आहे: नव्या माणसाबद्दल कुणाच्या मनात राग असेल, तर त्यानं तो आधी समोरासमोर सांगावा, तसं न सांगता विरोधात हात वर करू नये. बारा वर्षं हे पान मी लोकांना बोट नाचवत समजावून सांगितलं होतं. पण मला तिच्याशी एक शब्दही बोलायचा नव्हता. नुसता हात वर करायचा होता.

म्हणून चौथ्या रविवारी मी म्हणाले, "शेवटचं पान सोपं आहे, घरी वाचा. आज मापं घेऊ." बाप्तिस्म्याचे पांढरे झगे मीच शिवते, प्रत्येकाला नवा. घेरात लोखंडी वॉशर घालते, नाहीतर झगा पाण्यावर फुगून वर येतो. ड्रायव्हरचं माप झालं, नर्सचं झालं.

नणंद जागची हलली नाही. "वहिनी, चौथं पान राहिलंय."

"घरी वाचा म्हटलं ना, वन्सं."

"वाचलंय. पाठ आहे. मी प्रभूसाठी आलेय, हे खरंच. पण याच मंडळीत आले ते या पानासाठी. तुमच्या घराची बेल वाजवायला नऊ वर्षं हात झाला नाही. म्हटलं, इथं तरी तुम्हाला बोलावंच लागेल."

ड्रायव्हर उठायला लागला. मी त्याला हातानंच बसवलं. पान शिकायचं तर आता सगळ्यांनीच शिका.

"तुम्ही आला नाहीत," मी म्हणाले. आवाज फाटला, फाटू दिला. "तुमचा भाऊ त्या टेबलापाशी पेटीत होता आणि तुम्ही आला नाहीत. मी तुमची खुर्ची धरून बसले होते."

"नाही आले," ती म्हणाली. "आमच्या दादाला तुम्ही लोकांनी या मंडळीत आणून आमच्यापासून तोडलं, असं मला वाटायचं. त्या दिवशी मी घरात बसून पडदे धुतले. सगळे पडदे. चुकले मी, वहिनी."

तिनं सबब सांगितली असती, तर मला भांडता आलं असतं. माफ केलं, असं मी म्हणाले नाही, कारण खोटं बोलायचं नव्हतं. राग होताच. पण तो आता तिला सांगून झाला होता, आणि सभेत वर करायला माझ्याकडे हात उरला नव्हता.

"उभ्या राहा," मी म्हणाले. टेप तिच्या पाठीवर ठेवली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत साडेसतरा इंच. दुसऱ्यांदा मोजलं, साडेसतराच.

नवऱ्याचे शर्ट मी तेवीस वर्षं शिवले. त्याचं माप मला वहीत बघावं लागत नसे.

"लिहून घेत नाही?" तिनं विचारलं.

"नवा शिवायची गरज नाही," मी म्हणाले. "दादाचा झगा माझ्या कपाटात आहे. घेर तेवढा आत घ्यावा लागेल. संध्याकाळी घरी या, घालून बघा."